पडीक जमीन, बुडती बेटं

किरिबाती हा प्रशांत महासागरातला देश. तेहेतीस बेटं, सगळी मिळून जमीन सुमारे ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या आताच्या आदिलाबाद जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. बानाबा नावाचं एक बेट सोडलं तर बाकीची प्रवाळाची, पाण्याच्या वर दोन-तीन मीटर डोकं काढलेली. अनोटे टाँग हे २००३ ते २०१६ या काळात तिथले राष्ट्राध्यक्ष होते. समुद्र वर येतोय, विहिरी खारट होताहेत, तेव्हा जगातल्या देशांनी आमची माणसं थोडी थोडी आपल्यात वाटून घ्यावीत, असं आवाहन त्यांनी जगापुढे केलं. एका देशाच्या प्रमुखाने आपली प्रजा वाटून घ्या म्हणावं, ही गोष्ट ऐकायलाच कशीतरी वाटते. पण तसं झालं खरं.

हे आवाहन हातात घेऊन मथियास रिसे यांनी २००९ साली 'एथिक्स अँड इंटरनॅशनल अफेअर्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. रिसे मूळचे जर्मनीचे, हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे तत्त्वज्ञ. लेखाचं नाव मराठीत आणायचं तर 'स्थलांतराचा हक्क : नाहीशी होणारी बेटराष्ट्रं आणि पृथ्वीची सामाईक मालकी' असं होईल. हवामानबदल आणि नीती या विषयावर इंग्रजीत आता कपाटंच्या कपाटं भरलीत. त्यातलं पुष्कळसं लेखन वाचताना, हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही असं वाटत राहतं. हा लेख तसा नाही. शब्दकोश जवळ ठेवून वाचावा लागला तरी त्याचा मुद्दा कुणालाही कळेल असा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येतं.

मुद्दा असा. ही पृथ्वी कुणी निर्माण केलेली नाही. जमीन, पाणी, हवा आपल्या कुणाच्या कर्तबगारीने आलेली नाही. म्हणून जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाचा तिच्यावर मुळातला, सारखा हक्क आहे. पुढे देश झाले, सरहद्दी झाल्या, सातबारे झाले. ते असू देत, रिसे ते मोडायला सांगत नाहीत. पण ही सगळी व्यवस्था त्या मुळातल्या हक्कावर उभी आहे. एखाद्याच्या पायाखालची जमीनच गेली, आणि उरलेल्या पृथ्वीवर कुंपणं घालून बसलेले लोक त्याला आत येऊ देत नाहीत, तर त्या कुंपणांना नैतिक आधार राहत नाही. सबब किरिबातीच्या माणसाला दुसरीकडे जाऊन राहण्याचा हक्क आहे. समुद्र कुणामुळे चढला, धूर कुणी केला, हे आधी सिद्ध करत बसायची त्याला गरज नाही.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे यात दया नाही. आपल्याकडे संकटात सापडलेल्याला मदत करणं म्हणजे दान, आणि दान म्हटलं की देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली, आणि देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर. रिसे म्हणतात, इथे देणारा-घेणारा हा प्रश्नच नाही. तुम्ही त्याच्या वाट्याची जागा वापरत बसला आहात, तो आला तर सरका. निर्वासितांकडे ओझं म्हणून बघणाऱ्या जगात एवढं जरी कुणी विद्यापीठात बसून मांडलं तरी त्याचं मोल आहे. आणि दोषाचा हिशेब होईपर्यंत हक्क टांगून ठेवायचा नाही, हेही शहाणपणाचं आहे. भावाभावांच्या वाटणीचे दावे कोर्टात किती वर्षं चालतात ते आपण बघतोच. बेटांकडे तेवढी वर्षं नाहीत.

एवढं मान्य केल्यावर खटकतं ते सांगते.

पृथ्वी सगळ्यांची, हा विचार रिसे यांनी सतराव्या शतकातल्या ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताकडून घेतला आहे आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात. ग्रोशियसचा १६०९ सालचा 'समुद्र सगळ्यांना मोकळा आहे' हा ग्रंथ ज्या लिखाणातून निघाला, ते त्याने डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू मांडण्यासाठी केलं होतं. समुद्र सगळ्यांचा म्हणजे पोर्तुगीजांच्या एकट्याचा नाही, आमच्या जहाजांनाही वाट द्या. पुढे त्या वाटेने काय काय गेलं आणि काय काय आलं, ते पूर्वेकडच्या बेटांना ठाऊक आहे. एखाद्या विचाराचं मूळ कुठे आहे यावरून तो खोटा ठरत नाही, हे मला कळतं. पण 'सगळ्यांचं आहे' हे वाक्य कुणाच्या तोंडून येतंय, याकडे जरा कान द्यावा लागतो.

याच विचाराची पुढची पायरी रिसे यांच्या २०१२ सालच्या 'ऑन ग्लोबल जस्टिस' या पुस्तकात आहे, स्थलांतराच्या प्रकरणात. कोणत्या देशाने बाहेरच्यांना आत घ्यावं? तर जो देश आपल्या वाट्याची पृथ्वी कमी वापरतो त्याने. नुसती लोकसंख्येची दाटी बघायची नाही. जमिनीचा कस, पाणी, हवामान, खनिजं, सगळं जमेस धरून माणशी किती येतं ते बघायचं. जिथे माणसं कमी आणि वाटा मोठा, तिथे इतरांना वाव आहे. हे मोजणं सोपं नाही हे तेही जाणतात. तरी कल्पना म्हणून ती न्याय्य वाटते. मीही ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान डोलावली. पण आदिलाबादेत राहणाऱ्या माणसाने हे पान पुन्हा एकदा वाचायला हवं.

कारण 'इथे जमीन पडून आहे, कुणी धड वापरत नाही' हे वाक्य आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातलं सर्वांत महाग वाक्य आहे.

गोंड शेतकरी हलक्या जमिनीवर काही वर्षं पीक घ्यायचा आणि मग ती सोडून द्यायचा. जमीन विसावली, झुडपं आली की पुन्हा फिरून यायचा. त्याच्या लेखी ती जमीन वापरातच होती. विसावा हाही तिचा वापरच. निजामाच्या जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा ओढल्या तेव्हा ही विसावलेली रानं जंगलात धरली गेली. ज्या चांगल्या काळ्या जमिनी होत्या त्यांचे पट्टे कागद समजणाऱ्यांनी आपल्या नावावर करून घेतले. वस्त्या उठवल्या गेल्या. त्याच असंतोषातून कोमरम भीम उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला सांगण्यात आलं. महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हैदराबाद संस्थानात अडकून पडलेला हा माणूस पत्नी बेट्टीसह मार्लवाईत झोपडीत राहिला, गोंडी शिकला, आणि त्याच्या अहवालांनंतर हजारो गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले. मार्लवाईत गोंडी शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. बेट्टी १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईतच आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात परत आले तेव्हा त्यातल्या पुष्कळ जमिनी पुन्हा गेलेल्या त्यांना दिसल्या. कुणाकडे गेल्या? बाहेरून आलेल्यांकडे. त्यात तेलुगू मुलखातून आलेले होते, लंबाडे होते आणि पैनगंगेच्या पलीकडून आलेले मराठी बोलणारे शेतकरी आणि सावकारही होते. १९८२ च्या 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' या पुस्तकात त्यांनी ते नोंदवून ठेवलं आहे. आलेल्यांतले सगळेच काही लबाड नव्हते. कित्येक जण दुष्काळाने, कर्जाने, जमिनीच्या तुकड्यांनी कंटाळून आले होते. म्हणजे रिसे यांच्या भाषेत गरजवंतच. त्यांना मोकळी जमीन दिसली. ती मोकळी नव्हती, एवढंच.

म्हणून मला रिसे यांना विचारावंसं वाटतं, कमी वापर म्हणजे काय, हे ठरवणारा कोण? पिकाच्या क्विंटलवर मोजलं तर गोंडाची जमीन कमी वापरातली निघेल. उतरलेल्या कापसाच्या गाठींवर मोजलं तर निघेलच निघेल. मापच जर व्यापाऱ्याचं असेल तर माल कुणाकडे जास्त भरेल ते आधीच ठरलेलं असतं. मी व्यापारी घरातली आहे, तराजूची मला थोडीफार माहिती आहे.

हा नुसता तर्क नाही. किरिबातीच्याच गोष्टीत तो प्रत्यक्ष घडून गेला आहे. २०१४ साली टाँग यांच्या सरकारने फिजी देशातल्या वानुआ लेवू बेटावर नाटोआवाटू नावाची सुमारे वीस चौरस किलोमीटरची इस्टेट विकत घेतली. विकणारी संस्था होती चर्च. बातमी जगभर गाजली, बुडणाऱ्या देशाने दुसऱ्या देशात जमीन घेतली म्हणून. पण त्या इस्टेटीवर नाविआविआ नावाचं गाव आधीपासून होतं. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर मजुरीला आणलेल्या सॉलोमन बेटांवरच्या लोकांची ती वंशज मंडळी. चर्चच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहिलेली, कागद त्यांच्या नावावर नाही. एक लाख पाहुणे येणार म्हणून आपली शेतं कुठे जाणार, ही चिंता त्यांना पडली. म्हणजे मोकळ्या जमिनीवर इथेही माणसं निघालीच! दोन्हीकडे गरीब. ज्यांच्या धुराने समुद्र चढला ते या व्यवहारात कुठेच नाहीत, ना घेणाऱ्यांत, ना विकणाऱ्यांत, ना घाबरणाऱ्यांत.

आणि बानाबा. सुरुवातीला म्हटलं ना, किरिबातीतलं एकच बेट उंच आहे, ते हे. त्या बेटावर खतासाठी लागणारं फॉस्फेट सापडलं आणि १९०० पासून १९७९ पर्यंत ते खणून नेलं गेलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची शेतं त्यावर हिरवी झाली. बानाबाच्या लोकांना १९४५ साली फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवण्यात आलं. राबी हिरवं आहे, पाणी आहे, जमीन पुष्कळ. वापराच्या हिशेबाने बघितलं तर ते फायद्यातच राहिले. तरीही पुढे त्यांनी लंडनच्या कोर्टात आपल्या उकरलेल्या बेटासाठी वर्षानुवर्षं दावा लढवला. स्थलांतराचा प्रयोग या देशाने एकदा करून पाहिला आहे, त्याची पिढी अजून हयात आहे. किरिबातीच्या माणसाने जावं की राहावं, यावर लिहिताना बानाबाइतका जवळचा दाखला दुसरा नाही. त्याच्यावरून न जाता हा विषय पुरा होत नाही.

रिसे यांचा हक्क माणसाचा आहे, एकेकट्या माणसाचा. गावाचा नाही, कुळाचा नाही. तत्त्वज्ञानात हे सोयीचं असतं, कारण माणूस मोजता येतो. आयर्लंडमधल्या कारा नाइन यांनी २०१० साली याच विषयावर वेगळी बाजू मांडली. जमीन गमावलेल्या लोकसमूहाला समूह म्हणूनच, आपला कारभार आपण करता येईल अशा प्रदेशावर हक्क सांगता यावा, अशी. मला नाइन यांचं म्हणणं अधिक पटतं, पण तेही पुरेसं वाटत नाही.

का, ते केसलापूरच्या नागोबावरून सांगता येईल. इंद्रवेल्ली मंडलातलं हे गाव. पौषातल्या अमावास्येला इथे मेस्राम कुळाच्या गोंडांची जत्रा भरते. त्याआधी मेस्राम पुरुष झारी घेऊन पायी गोदावरीवर जातात आणि कित्येक कोस तुडवत पाणी घेऊन परततात. त्या पाण्याने देवाला स्नान. वर्षभरात कुळात आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात, तोपर्यंत त्या पूर्ण मेस्राम होत नाहीत. आता मेस्राम काय सगळे केसलापुरात राहतात? चंद्रपूर, यवतमाळकडे आहेत, तेलंगणातल्या दुसऱ्या जिल्ह्यांत आहेत, नोकरीनिमित्त हैदराबादेत आहेत. पांगलेलेच आहेत. पण पांगलेली माणसं एक कूळ म्हणून टिकली, कारण परत यायला एक वडाखालची जागा आहे आणि एका ठरलेल्या नदीचं पाणी आहे. आपल्या जैनांचंही वेगळं नाही. आपण तर हाडाचे भटके व्यापारी, राजस्थानातून, गुजरातेतून, वऱ्हाडातून कुठे कुठे जाऊन बसलो. पण सम्मेदशिखर तिथेच आहे, म्हणून आपण पांगू शकलो.

किरिबातीच्या माणसाला ऑस्ट्रेलियात घर मिळेल, मुलाला शाळा मिळेल. परत जायची जागा मात्र पाण्याखाली. पांगणं वेगळं आणि मुळातून उपटणं वेगळं, हा फरक सामाईक मालकीच्या सिद्धांतात मावत नाही, कारण त्या सिद्धांताच्या दृष्टीने एक एकर आणि दुसरं एक एकर यांत फरक कसाचाच असतो.

आता दोषाची बाजू. रिसे यांनी ती बाजूला ठेवली, आणि ती ठेवण्यात शहाणपण आहे असं मी वर म्हटलं. पण बाजूला ठेवलेली वस्तू घरात विसरली जाते, तसं तिचं होतं. या क्षेत्रातले दुसरे अभ्यासक, डेल जेमिसन, दोषाकडेच बघतात आणि सांगतात की आपल्या नीतीच्या कल्पनाच इथे अपुऱ्या पडतात. त्यांचं उदाहरण सायकलीचं आहे. जॅकने जिलची सायकल चोरली, तर दोष स्पष्ट. मग ते गोष्ट एकेक पायरी बदलत नेतात. शेवटी एकमेकांना न ओळखणारे असंख्य जॅक आपापल्या परीने काहीतरी करतात आणि त्याचा परिणाम म्हणून दूरदेशी, पुढच्या काळातल्या जिलला सायकल कधी मिळतच नाही. इथे चोर कोण? आपल्या मनाला इथे चोरीच दिसत नाही, असं जेमिसन म्हणतात.

त्यांच्या मनाला दिसत नसेल. आपल्याकडे लहानपणापासून पाठ करून घेतलंय : करणं, करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं. मनाने, वाणीने, कायेने. तिन्हींचा तिन्हींशी गुणाकार करून दोष मोजायची आपली पद्धत आहे. शिवाय हिंसेचे चार प्रकार मानलेत. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी, बचावासाठी करावी लागणारी विरोधी. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य. बाकीच्या त्याला टळत नाहीत, पण टळत नाहीत म्हणून दोष जात नाही. मर्यादा घालायची, परिमाण ठरवायचं. पाणी गाळून घेणारी बाई काही पाण्यातल्या जिवांना मारायच्या इराद्याने पीत नसते, तरी गाळते. इरादा नव्हता म्हणजे जबाबदारी नाही, असं या परंपरेत चालतच नाही. बेफिकिरीतून जीव गेला की ती हिंसाच. जेमिसन यांच्या असंख्य जॅकना इथे जागा आहे. इतकं तयार हत्यार जगाच्या हाताशी असताना हवामान-नीतीच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा फारसा मागमूस दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

पण लगेच छाती फुगवायला नको. श्रावकाने करू नयेत अशा पंधरा धंद्यांची यादी आपल्या ग्रंथांत आहे, पंधरा कर्मादानं. त्यातलं पहिलंच अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणं, भट्ट्या लावणं यांवर पोट भरणं. मग वनकर्म, जंगलतोडीचा धंदा. स्फोटकर्म, जमीन फोडणं-खणणं. पुढे तळी उपसून कोरडी करणं, रानाला वणवा लावणं. आजच्या हवामानाच्या अहवालातली प्रकरणंच वाटावीत अशी ही यादी. चातुर्मासात ती वाचली जाते. महाराज समजावून सांगतात, आम्ही बायका हात जोडून ऐकतो. आणि त्याच सभेत पुढच्या रांगेत खाणीचे, कोळशाच्या डेपोचे, वीटभट्टीचे, सिमेंटच्या एजन्सीचे मालक बसलेले असतात, त्यांच्याच बोलीवर त्या दिवसाची प्रभावना वाटली जाते. कांदा-बटाट्याच्या त्यागावर आपण जेवढं बोलतो, त्याच्या शतांशही अंगारकर्मावर बोलत नाही. जमिनीखालचा कांदा वर्ज्य, जमिनीखालचा कोळसा चालतो. जेमिसन यांना चोरी दिसत नाही असं मी म्हटलं. आम्हाला दिसते, आणि आम्ही चष्मा काढून ठेवतो.

कोळशाचा विषय आमच्यापासून दूर नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्याआधी बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर हा सिंगरेणीचा कोळसापट्टा आमच्याच जिल्ह्यात होता. उत्तरेला चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र, दक्षिणेला जयपूरचं सिंगरेणीचं आणि गोदावरीपलीकडे रामगुंडमचं. आमचे पंखे त्यावर फिरतात. आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत भारत आणि बेटं समोरासमोर उभी राहतात ती याच कोळशावरून. २०११ साली डर्बनमध्ये ग्रेनडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी बेटांच्या वतीने सुनावलं होतं, की मोठे विकसनशील देश विकास करत राहणार आणि तोवर आम्ही मरायचं का? २०२१ साली ग्लासगोत कोळसा 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करण्याचा शब्द भारताच्या आग्रहाने मसुद्यात आला आणि मार्शल बेटांच्या प्रतिनिधीने आपली निराशा भर सभेत बोलून दाखवली.

भारताची बाजू खोटी नाही. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच विचारलं होतं, की गरिबाच्या भातखाचरातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत कसा घालता? हेन्री शू या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९३ साली त्याच भेदाला नाव दिलं : जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन. ज्याला जगण्यासाठी धूर करावा लागतो त्याला चैनीसाठी धूर करणाऱ्याने उपदेश करू नये. हे पूर्ण पटण्यासारखं आहे. भोगोपभोगाचं परिमाण म्हणून आपण जे म्हणतो त्याच्याच जवळचं.

अडचण अशी की भारत हा एकच माणूस नाही. उटनूरच्या डोंगरातल्या वाडीवरची चूल आणि हैदराबादच्या बंगल्यातली आठ एसी एकाच देशाच्या सरासरीत बसतात, आणि सरासरी छान गरीब दिसते. परिषदेत पुढे केली जाते ती चूल, मागे चालू राहतात त्या एसी. ग्रीनपीसच्या भारतातल्या शाखेने २००७ साली आपल्या अहवालाला नावच दिलं होतं, गरिबांच्या आड लपणं. शू यांचा भेद देशांच्या सरहद्दीवर थांबवला की तो श्रीमंतांच्याच कामाला येतो. डिसेंबर २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात वानुआतूने पुढाकार घेतलेल्या प्रकरणाची सुनावणी झाली. तिथे भारताने विकसित देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर बोट ठेवलं ते योग्यच. पण जे करार आज आहेत त्यापलीकडे नवी बंधनं नकोत, असंही आपण म्हटलं. त्या एका मुद्द्यावर आपण ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांच्याच बाकावर जाऊन बसलो. न्यायालयाने २३ जुलै २०२५ ला दिलेलं मत बेटांच्या बाजूने बरंच झुकलं : हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, ती मोडली तर भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि जमीन गेली म्हणून देश आपोआप संपला असं होत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी रिसे यांच्या लेखाचं वय कळतं. २००९ मध्ये सगळे गृहीत धरून चालले होते की बेटं बुडणार, लोक निघणार, प्रश्न एवढाच की कुठे. आता चित्र तेवढं सरळ राहिलेलं नाही. वेब आणि केंच या अभ्यासकांनी २०१० सालीच दाखवलं होतं की पुष्कळ प्रवाळबेटं आकाराने घटलेली नाहीत. लाटा एका बाजूची वाळू काढतात, दुसऱ्या बाजूला टाकतात. म्हणजे धोका नाही असं नव्हे. गोड्या पाण्याचा जमिनीखालचा पातळ थर खारावला की बेट पाण्यावर तरंगत असूनही राहण्याजोगं उरत नाही. पण 'बुडणारं बेट' हे जे चित्र जगाला आवडलं, ते तितकं खरं नव्हतं. २०१६ मध्ये किरिबातीत सरकार बदललं. नवे राष्ट्राध्यक्ष तानेती मामाऊ यांनी लोक पांगवण्याची भाषा बंद केली. आम्ही इथेच राहणार, जमीन उंच करणार, असं त्यांचं धोरण. फिजीतल्या जमिनीवर शेती करायचं ठरलं. शेजारच्या तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. दरवर्षी २८० जणांना तिकडे जाऊन राहता येईल, आणि तुवालू हा देश म्हणून कायम राहील हेही त्यात लिहून घेतलं. बदल्यात आपल्या संरक्षणाच्या करारांत ऑस्ट्रेलियाचा शब्द विचारात घ्यावा लागेल. फुकट काहीच नसतं. पहिल्या सोडतीला अर्जांची रीघ लागली. राहायचंय आणि जायचीही सोय हवीय, दोन्ही एकदम. आपल्याकडे गावात शेत ठेवून मुलाला पुण्याला धाडणारा बाप याहून वेगळं काय करतो?

आणि इयोआने तेतिओता. किरिबातीचा हा मजूर न्यूझीलंडमध्ये हवामानाचं कारण देऊन आश्रय मागत होता. कोर्टांनी नाकारलं, २०१५ मध्ये त्याला परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय २०२० च्या जानेवारीत जाहीर झाला. त्याच्या जिवाला तातडीचा धोका होता असं दिसत नाही, म्हणून परत पाठवणं चूक नव्हतं. मात्र पुढे धोका तसा झाला तर कुणालाही असं परत पाठवता येणार नाही. रिसे यांचा लेख वाचून मी हा निर्णय वाचला तेव्हा दोहोंमधलं अंतर जाणवलं. लेखात त्याला हक्क होता, निकालात त्याला 'अजून नाही' मिळालं.

रिसे यांनी या विषयावर आज पुन्हा लिहावं असं मला वाटतं. त्यांची मांडणी टाकून देण्यासारखी नाही, पण ती हार्वर्डहून सुरू होऊन किरिबातीच्या किनाऱ्यावर पोहोचते आणि तिथेच थांबते. या वेळी सुरुवात नाविआविआपासून करावी, जिथे पाहुणे यायचे होते आणि ज्यांना कुणी विचारलं नव्हतं तिथून. हायमेनडॉर्फ मार्लवाईत राहिले तसं वर्षभर तिथे राहता आलं तर उत्तमच. कमी वापरातली जमीन कुणाची आणि कोणत्या मापाने, हे प्रकरण तिथे बसून लिहिलेलं मला वाचायचंय.